नाखव्याचा वड

माझ्या नोकरीची सत्तावीस वर्षं हायटेन्शन तारांखाली गेली. मुलुंडमधून त्या तारा जिथून जातात तिथे खाली बिल्डिंग बांधता येत नाही, म्हणून त्या पट्ट्यात नर्सऱ्या आहेत. हवा दमट असली की तारा गुणगुणतात. नवीन गिऱ्हाईक हमखास वर बघून विचारायचं, "मॅडम, शॉक नाही ना बसणार?" मी म्हणायचे, "कुंडीची किंमत ऐकून बसला तर बसेल. तारांचा नाही बसत."

मी तिथे लागले ती पाणी घालायला. वडील गिरणीतले, पुढे गिरणी बंद पडली. लग्न करून मी मुलुंडला आले. नवरा एका गाळ्यात लेथवर होता, मला घराजवळ काम हवं होतं. नर्सरीचे मालक दळवीकाका यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात पाइप दिला आणि म्हणाले, "रंजना, पाणी घालणं सोपं आहे. न घालणं शिकायला दोन वर्षं लागतात." मला चार लागली. त्यानंतर काकांनी बोन्सायचा कोपरा माझ्यावर सोपवला आणि शेवटपर्यंत तो माझ्याकडेच राहिला.

बोन्सायबद्दल लोकांची एक समजूत असते, की झाड जन्मभर लहान कुंडीत कोंडायचं आणि वरून कापत राहायचं. तसं केलं तर झाड जगतं, पण खोड पेन्सिलीएवढंच राहतं. वीस वर्षं ठेवा, पेन्सिलच. आणि बोन्सायची सगळी मजा खोडात असते. उंची फूटभर, पण बुंधा असा भरलेला, मुळं अशी पसरलेली, की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, याच्याखाली कधीतरी कुणीतरी गाडी सोडून बसलं असेल. तसं खोड हवं असेल तर झाड कुंडीतून काढून काही वर्षं सरळ जमिनीत लावावं लागतं. तिथे त्याला मोकाट वाढू द्यायचं. फांद्या वाटेल तशा सुटू द्यायच्या, कारण वर जितकी पानं, तितकं खाली खोड भरतं. मग एक दिवस करवत घेऊन ते झाड बुडापासून वीतभर ठेवून बाकी सगळं उडवायचं. त्या थोटकातून नवा शेंडा फुटतो, तो वाढवायचा, आणि शेवटी झाड उपटून पुन्हा कुंडीत. सांगायला चार वाक्यं लागतात, करायला चार-पाच पावसाळे.

हे लोकांच्या गळी उतरवणं हेच माझं अर्धं काम. अंधेरीच्या एका स्टुडिओतून एकदा सेट लावणारा माणूस आला होता. म्हणाला, "मला शंभर वर्षांचं दिसेल असं बोन्साय पाहिजे, शुक्रवारपर्यंत." मी विचारलं, "शुक्रवार कुठल्या सालचा?" त्याला गंमत कळली नाही. त्याने फायकसचं एक काडीसारखं रोप नेलं आणि त्याला प्लास्टरचं जाडजूड खोड चढवलं. शूटिंगच्या दिव्यांनी प्लास्टर तडकलं आणि ऐन प्रसंगात त्याचा ढलपा हिरॉइनच्या मांडीवर पडला. सोमवारी तो झाड परत घेऊन आला. "मॅडम, हे खराब निघालं." मी झाड ठेवून घेतलं. झाडाची काय चूक होती?

पण मला सांगायचंय ते हिराबाईबद्दल.

हिराबाई वेसाव्याची कोळीण. अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिची मुलगी मुलुंडला दिलेली, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी तिची इकडे फेरी असायची. एका पावसाळ्यात ती नर्सरीच्या दारात उभी राहिली, हातात मासळीचा थर्माकोलचा खोका. खोक्यात बर्फाऐवजी माती आणि मातीत वडाचं रोपटं. करंगळीपेक्षा बारीक, हातभर उंच, वर सात-आठ पानं.

"बोनसाय करतात ती तूच काय गो?"

"मीच. बसा ना मावशी."

"बसत नाय. ह्याचं झाड करून दे. धा वर्षं झाली, हा असाच हाय. काडीच्या काडी."

मग बसली आणि सगळं सांगितलं. त्यांच्या जुन्या घराच्या भिंतीत, दरवाजाच्या वर, हा वड आपोआप उगवला होता. भिंतीला तडा जाईल म्हणून पोरं तो उपटायला निघाली, तर तिच्या नवऱ्याने उपटू दिला नाही. नवरा म्हणजे नारायण नाखवा, स्वतःची बोट असलेला माणूस. पुढे घर पाडून नवं बांधलं तेव्हा नाखव्याने गवंड्याला बाजूला सारलं आणि स्वतः एकेक दगड सोडवून मुळासकट रोप काढलं. थर्माकोलच्या खोक्यात लावलं. त्यानंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेल्यासारखाच. बोट मुलाकडे गेली. नाखवा आता तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून असतो.

"बोलत नाय कुणाशी," हिराबाई म्हणाली. "ह्या काडीकडं बघत ऱ्हातो. परवा मना बोलला, हिरे, हा बी माज्यासारखाच, वाढत बी नाय, मरत बी नाय. मना लय राग आला. बोलले, थांब, तुना दाखवते."

मी तिला जमिनीत लावायचं समजावलं. चार-पाच वर्षं लागतील म्हटल्यावर तिने काडीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "लाव. म्हाताऱ्याला मी सांगते थांबायला."

मागच्या वाफ्यात मी खड्डा घेतला आणि तळाशी कडप्प्याचा तुकडा आडवा ठेवला. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला तुटका ओटा होता, काकांनी असे तुकडे जमवून ठेवलेले असायचे. मुळं सरळ खाली गेली की झाड उपटताना तुटतात, आणि कुंडीतही बसत नाहीत. खाली दगड असला की ती आडवी पसरतात, चांदणीसारखी. मी कडप्प्यावर माती टाकली, रोप ठेवलं, मुळं बोटांनी चारी बाजूंना उलगडली. हिराबाई वाकून बघत होती. "अस्सं," म्हणाली, "पापलेट मांडतात तसं."

पुढच्या फेरीला ती प्लास्टिकच्या कॅनमध्ये मासळी धुतलेलं पाणी घेऊन आली. वेसाव्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून मुलुंड. मेट्रोच्या दारात सिक्युरिटीवाल्याने कॅन अडवला. हिने सांगितलं, "झाडाचं औषध हाय." त्याने झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवून म्हणाला, "जाओ, जाओ."

मी ते पाणी दसपट पातळ करून घालायचे. वासाने मांजरं जमली. आधी दोन, मग पाच, शेवटी मी मोजणं सोडलं. दळवीकाका कातावले. "रंजना, ही नर्सरी आहे की मच्छी मार्केट?" पण वडाने जे मनावर घेतलं ते विचारू नका. पहिल्या पावसाळ्यात कमरेएवढा, दुसऱ्यात माझ्या डोक्याच्या वर. तिसऱ्या उन्हाळ्यात पानं तळहाताएवढी, आणि बुडाशी खोड तांब्याएवढं. हिराबाई यायची, खोडाला मिठी मारल्यासारखं धरायची आणि फोटो काढायला लावायची. फोटोत खोड नेहमी तिच्या आड जायचं. ती आणि वर सुटलेला हिरवागार वड. तोच फोटो ती नाखव्याला दाखवायची.

इथेच माझी चूक झाली, आणि ती मी अजून विसरलेले नाही.

पाऊस आठवड्यावर आला होता. वड कापायची हीच वेळ, पावसात फूट लवकर येते. मी हिराबाईला फोन केला. "मावशी, या आठवड्यात छाटणी करते हां."

"कर गो, कर," ती म्हणाली. मागे बाजाराचा गोंगाट होता.

आमच्या धंद्यात छाटणी हा एकच शब्द. पानं खुडली तरी छाटणी, मुंडकं उडवलं तरी छाटणी. तिला वाटलं, केस कापतात तसं काहीतरी. मला वाटलं, पहिल्या दिवशी सांगितलेलं तिच्या लक्षात आहे. मी करवत घेतली आणि पुरुषभराहून उंच वाढलेला तो वड वीतभर ठेवून उडवला. पांढरा चीक भळाभळा वाहिला. तो धुतला, कापाला बुरशीनाशक चोपडलं आणि फांद्या दारात टाकल्या.

तिसऱ्या दिवशी नर्सरीसमोर रिक्षा थांबली. हिराबाई उतरली, नवी साडी, केसात अबोलीचा गजरा. तिने हात देऊन एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्याला खाली उतरवलं. नाखवा. झटक्यानंतर घरातून पहिल्यांदा बाहेर पडला होता. तिसऱ्या मजल्यावरून दोन मुलांनी खुर्चीवर बसवून खाली आणला होता. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं. फक्त, "चल, तुना गंमत दाखवते."

मी वाफ्याकडे धावले. काय करणार होते, देव जाणे. थोटकापुढे उभी राहून ते लपवणार होते की काय?

हिराबाई आली, बघितलं, आणि क्षणभर तिला समजलंच नाही. इकडेतिकडे झाड शोधत राहिली. मग दारातल्या सुकलेल्या फांद्या तिला आठवल्या असाव्यात, कारण तिने मागे वळून तिकडे बघितलं.

"कापलास?"

"मावशी, ऐका..."

"माजा झाड कापलास! तीन वर्षं मी पानी वाहिलं, आनि तू कापलास? मेल्ये, तुजा हात कसा चालला?"

बाजारात आयुष्य गेलेल्या बाईचा आवाज तो. शेजारच्या दोन नर्सऱ्यांतली माणसं बाहेर आली. मी समजावत होते, खोड बघा, मुळं बघा, पुन्हा फुटेल. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. वीतभर लाकूड आणि त्यावर चोपडलेली पेस्ट, त्यात काय दाखवणार?

या सगळ्यात नाखवा कधी खाली बसला ते आम्ही पाहिलंच नाही. उपड्या क्रेटवर बसून त्याने काठी बाजूला ठेवली होती. उजव्या हाताने तो बुंध्याभोवतीची माती सारत होता. मुळं दिसायला लागली, कडप्प्यावर चारी अंगांना पसरलेली, अंगठ्याएवढी जाड. त्याने बुंध्यावर हात ठेवला, पंजा पूर्ण उघडला तरी तो मावत नव्हता.

"हिरे," तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. "वरडू नको. हितं हात लाव."

"मना नाय लावायचा."

"आपन काडी दिल्ती हिला. हा बघ केवढा झालाय."

हिराबाईने हात लावला नाही. ती त्याला घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. तिचा मागच्या फेरीचा मोकळा कॅन तेवढा वाफ्याशेजारी राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. वड सहसा पंधरा-वीस दिवसांत फुटतो. मी शेकड्यांनी वड कापले असतील, कधी काळजी केली नव्हती. या वडासाठी मी रोज सकाळी कुलूप उघडल्या उघडल्या चप्पल न काढता मागे धावायचे. पंधरा दिवस झाले, काही नाही. वीस झाले. पावसाचं पाणी वाफ्यात साचलं, मी चर खणून काढलं. कापाच्या कडेला काळा डाग दिसला, तो चाकूने कोरून पुन्हा पेस्ट लावली. दळवीकाका म्हणाले, "मेला तर दुसरा देऊ तिला." मी काकांशी त्या दिवशी जेवेपर्यंत बोलले नाही.

सव्विसाव्या दिवशी सालीवर लालसर टोक दिसलं, भाताच्या शितापेक्षा लहान. दुपारपर्यंत चष्मा लावून मी आणखी तीन शोधली. एकटीच हसत होते. फोटो काढून हिराबाईला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने पाहिला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी तिच्याच नंबरवरून आवाजाचा मेसेज आला, पण आवाज नाखव्याचा. एवढंच, "बाय, कोंब मोजलं. चार हायत. खालचा आहे ना डावीकडचा, तो ठेव. तोच वर जाईल."

मीही तोच ठेवणार होते. न बघता, फोटोवरून या माणसाने तो कसा ओळखला, मला आजतागायत कळलेलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर हिराबाई आली. एका हातात नारळीभाताचा डबा, दुसऱ्या हातात नवा भरलेला कॅन. डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "खा. तोंड वाळलंय तुजं." यावर आमचं भांडण मिटलं. मी मात्र त्या दिवसापासून छाटणी शब्द सोडला. गिऱ्हाइकाला सांगते, अमुक दिवशी झाड इथून कापणार आहे, आणि कुठून ते खडूने खोडावर रेघ मारून दाखवते. रेघ बघून अर्धे लोक बिचकतात. बिचकू देत.

खरी वाट लागली ती त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. तारांच्या खांबाचं काम निघालं आणि मागचा सगळा वाफा आठ दिवसांत रिकामा करा असं सांगून माणसं गेली. थंडीत वडाची मुळं तोडणं म्हणजे झोपलेल्या माणसाला थंड पाण्यात ढकलणं. अजून एक पावसाळा मिळाला असता तर सगळं निवांत झालं असतं. पण वाफ्यात चाळीसेक झाडं, हातात आठ दिवस. मी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले. बहुतेक म्हणाले, तुम्हीच बघा काय ते. हिराबाईने विचारलं, "कवा येऊ?"

ती आली ती मुलीला आणि बाजारातल्या दोन मैत्रिणींना घेऊन. लुगडी खोचलेली, एकीच्या हातात पहार. वडाभोवती गोल चर खणला, बाजूची मुळं तोडली, आणि कडप्प्याखाली पहार घालून झाड उचललं. मुळं खरंच चांदणीसारखी निघाली होती, पण माती थंडीने कोरडी, ती भुसभुशीत गळायला लागली. माती गळली की बारीक मुळं उघडी पडतात आणि झाड जातं. मी गोणपाट गुंडाळलं, तर ते एका बाजूने धरावं तर दुसरीकडून माती सुटे.

"थांब," हिराबाई म्हणाली. तिने पिशवीतून जुन्या जाळ्याचा तुकडा काढला आणि मुलीला फोन लावायला सांगितला. पडद्यावर नाखवा दिसला. मुलीने फोन मातीच्या गोळ्यावर धरला आणि तो घरबसल्या हुकूम सोडायला लागला.

"खालनं घे. खालनं! आता वढ, आवळ. तशी नाय गो, उजव्या अंगानं... हिरे, लग्नाला पन्नास वर्षं झाली, अजून गाठ मारता येत नाय तुना?"

"तू ये ना मग खाली, मोठा शहाना!"

जाळं चारी बाजूंनी आवळलं गेलं आणि गोळा नारळासारखा घट्ट झाला. एक कण गळेना. मी इतकी वर्षं गोणपाट आणि सुतळी वापरली, ही गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी हिराबाईने टेंपो भरून जुनी जाळी पाठवली. आम्ही सगळी झाडं तशीच बांधली, नाखवा दुपारी दोन तास फोनवर हजर. दळवीकाकाही वयाच्या सत्तराव्या वर्षी गाठ शिकले आणि शिकताना दोनदा शिव्या खाल्ल्या. तीन झाडं गेली. त्यातली एक माझी चिंच होती, मी लावलेली, सोटमूळ तुटलं. तिचं मला वाईट वाटतं. बाकीची तगली.

वड मासळीच्या टेंपोतून वेसाव्याला गेला. तिथे मी स्वतः जाऊन तो पसरट ट्रेमध्ये बसवला. पंधरा दिवसांत सगळी पानं गळली. हिराबाईने या वेळी आरडाओरडा केला नाही, फोन करून फक्त विचारलं, "हे बरोबर हाय ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. म्हटलं खरं. फाल्गुनात नवी पालवी आली तेव्हा मी सुटले.

त्यानंतर मी निवृत्त झाले. गेल्या दिवाळीआधी हिराबाईने जेवायला बोलावलं. तिसरा मजला चढताना माझे गुडघे बोलत होते. गॅलरीत नाखवा खुर्चीत बसला होता आणि समोर स्टुलावर वड.

मी बघत राहिले. फांद्या आडव्या करायला आम्ही तार गुंडाळतो, ती विसरली तर सालीत रुतते. इथे तार नव्हती. प्रत्येक फांदीला बारीक दोरी आणि दोरीला, जाळं बुडावं म्हणून लावतात ते शिसं टांगलेलं. कुठे एक, कुठे दोन. वाऱ्याने ती हलायची आणि फांद्या आपोआप जड होऊन खाली आल्या होत्या, अगदी जुन्या वडाच्या येतात तशा. एका हाताने केलेलं काम. प्रदर्शनात बक्षीस घेतलेली झाडं मी पाहिली आहेत, त्यांच्या फांद्यांना ही लय नसते.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तार एका हातानं गुंडाळता येत नाय," तो म्हणाला. "मग काय करनार?"

एकच फांदी चुकीची होती. उजवीकडून निघून खोडाच्या समोरून आडवी डावीकडे गेलेली. अशी फांदी खोड झाकते, ती ठेवत नाहीत. सवयीने माझा हात पिशवीत गेला, कात्री निघाली आणि मी वाकले. नाखव्याने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ती."

"नाखवा, ती आडवी जातेय. खोड दिसत नाही."

"चार वाजू दे."

हिराबाईने चहा आणला. आम्ही बसलो. उन्हं कलली आणि समुद्राकडून गॅलरीत आत आली, थेट खुर्चीवर. नाखव्याचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर पडलेला होता. तो हात त्याला पटकन हलवता येत नाही. ऊन दांडीवर चढलं, आणि बरोबर त्या हातावर त्या आडव्या फांदीची, दहा-बारा पानांची, सावली येऊन बसली.

मी कात्री मिटून ठेवली.

रविवारी मी सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना बोन्साय शिकवते. खोडासमोरून जाणारी फांदी कापायची असते, असं अजूनही सांगते. फक्त आता आधी विचारते, झाडाजवळ कोण बसतं, आणि ऊन कुठून येतं.